मार्गदर्शक मंडळाला मनाई

काटेकोर हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण ऑफिसात चौदा वर्षं सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत होते. एकदा तर कुरिअरवाल्यानेही दारात येऊन "मिस्टर काटेकोर कोण?" असं विचारलं, आणि त्यांनी निमूट सही करून पाकीट घेतलं. शिवाय पाकिटावरच्या पत्त्यातली ओळ चुकीच्या ठिकाणी तोडलीय हे त्या बिचाऱ्याला समजावून सांगण्यात दहा मिनिटं घालवली.

त्यांची कंपनी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. काटेकोर तिथे टेस्टिंगचे प्रमुख होते. म्हणजे इतरांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, आणि त्यासाठी महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. हे काम ते लग्नाआधी फुकट करत असत. या चुकांची नोंद ठेवायला एक वेगळं टूल होतं. कोणती टेस्ट, ती कोणी केली, कधी केली, निकाल काय, सगळं त्यात लिहिलेलं असे. पास झाली की हिरवी खूण, नापास झाली की लाल.

सगळं सुरळीत चाललं होतं ते एका मंगळवारपर्यंत. त्या दिवशी विक्रीप्रमुखांनी एका गिऱ्हाइकाला कंपनीचं काम किती शिस्तीत चालतं हे दाखवायला म्हणून तेच टूल पडद्यावर उघडलं. पडद्यावर चाळीस लाल खुणा होत्या. विक्रीप्रमुखांचं बोलणं असं, की उन्हाळ्यात स्वेटर विकतील. त्यांनी बोलता बोलता, गिऱ्हाईक पाण्याचा पेला उचलेपर्यंत, चाळीसच्या चाळीस खुणा हिरव्या करून टाकल्या.

"लाल बरं दिसत नव्हतं हो," दुसऱ्या दिवशी ते काटेकोरांना म्हणाले. "अंगावर येत होतं."

"अंगावर येण्यासाठीच असतं ते!" काटेकोर म्हणाले. "त्यातल्या दोन टेस्टमध्ये एका पेशंटच्या रिपोर्टवर दुसऱ्याचं नाव छापून येतंय!"

"ते तुम्ही सुधारालच की. मी फक्त जरा आधी हिरवं केलं."

काटेकोर तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि विचारलं, "पण विक्रीवाल्यांना खुणा बदलता येतात कशा?"

"सगळ्यांनाच येतात साहेब. पहिल्यापासून तसंच आहे."

"मग परवानग्या लावून टाका. कोणी बघायचं, कोणी लिहायचं, कोणी बदलायचं. माणसांचे गट करा, गटाला परवानगी द्या, झालं! पुढच्या बुधवारी आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या हॉस्पिटलचे तपासणी अधिकारी येतायत. त्याच्या आत करा. अर्ध्या तासाचं तर काम आहे."

'अर्ध्या तासाचं काम' हे शब्द ऐकले, की अनुभवी माणसाने आजारपणाची रजा टाकावी. काटेकोर अनुभवी होते, पण त्यांना कामाची हौस होती. हौसेपुढे अनुभवाचं काही चालत नाही.

गुरुवारी त्यांनी हजेरीच्या यादीवरून तीन गट केले. 'व्यवस्थापक' म्हणजे सगळं करू शकणारे. त्यात फक्त ते स्वतः. 'परीक्षक' म्हणजे टेस्ट लिहिणारे आणि खुणा करणारे, त्यांची सहा माणसं. आणि उरलेले 'प्रेक्षक', ज्यांनी फक्त बघायचं. कागदावर हे इतकं सुबक दिसत होतं की काटेकोरांनी त्याला चारी बाजूंनी चौकट आखली.

जेवणाच्या सुट्टीनंतर पहिल्या आल्या डिझाइनच्या प्रमुख.

"मी प्रेक्षक?" त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं इथे घासतेय, आणि मी काय तिकीट काढून आत आलेय?"

त्यांच्या मागोमाग ग्राहकसेवेचे मामा आले. मामा हे कोणाचेच मामा नव्हते, पण रुसायचे मात्र हक्काने. "बघतो, बघतो," ते म्हणाले. "आता बघायचंच काम आहे आम्हाला. बघत बघत निवृत्त होऊ." मग विक्रीप्रमुख आले. ते रागावले नाहीत, नुसते हसले, आणि ते हसणं काटेकोरांना जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी 'प्रेक्षक'चं 'निरीक्षक' झालं. दुपारी मामांनी विचारलं, की वीस वर्षं नोकरी केलेला माणूस आणि काल लागलेली रिसेप्शनिस्ट एकाच दर्जाचे निरीक्षक का. तेव्हा 'वरिष्ठ निरीक्षक' काढावं लागलं. संध्याकाळी रिसेप्शनिस्टने येऊन सांगितलं, की तिला टूल उघडायचंच नाहीये, पण यादीत नाव शेवटी आहे ते जरा वर घ्या. काटेकोरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना परवानग्या लावायच्या होत्या आणि इथे मानपान चालले होते. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी काढले नसतील एवढे!

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. "नाव असं ठेवा की ऐकूनच छाती फुगेल. 'मार्गदर्शक मंडळ'! मंडळाने मार्गदर्शन करायचं. हात लावायचा नाही."

तोडगा जालीम निघाला. प्रेक्षक रातोरात मार्गदर्शक झाले आणि ऑफिसात शांतता पसरली. घोटाळा एवढाच झाला, की आता काटेकोरांची स्वतःची सहा माणसं रुसली. रोज राबणारे ते, आणि मार्गदर्शन कोण करणार, तर विक्रीवाले? रास्त होतं ते. काटेकोरांनी सहाही जणांना परीक्षक ठेवून शिवाय मार्गदर्शक मंडळातही घातलं. एक माणूस दोन गटांत असायला टूलची काही हरकत नव्हती. साहेबांना तर न विचारताच घातलं. आणि मग यादी पुन्हा वाचताना काटेकोरांच्या लक्षात आलं, की मार्गदर्शक मंडळात अख्खं ऑफिस आहे आणि फक्त आपणच नाही. चौदा वर्षांची नोकरी, टेस्टिंगचा प्रमुख, आणि तो मार्गदर्शक नाही? त्यांनी स्वतःचंही नाव घातलं. सगळ्यात वर.

रविवारी सकाळी ते गच्चीत झाडांना पाणी घालत होते, तेव्हा पलीकडच्या गच्चीतून शेजारच्या ग्रंथपालांनी विचारलं, "चेहरा का असा?" हे गृहस्थ एका मोठ्या वाचनालयातून निवृत्त झाले होते, आणि लोकांनी पुस्तकं वाचायला नेणं हा वाचनालयांपुढचा सर्वात मोठा प्रश्न आहे असं त्यांचं मत होतं. काटेकोरांनी त्यांना सगळं सांगितलं. प्रत्येक गटासमोर रकाने आहेत, 'लिहिणे', 'बदलणे', 'पुसणे' असे. प्रत्येक रकान्यात 'परवानगी' लिहिता येते, 'मनाई' लिहिता येते, किंवा तो रिकामा सोडता येतो.

"रिकामा?" ग्रंथपाल दचकले. "रिकामा सोडू नका. रिकामी जागा दिसली की माणूस घुसतो. स्पष्ट मनाई लिहा. मी अडतीस वर्षं प्रत्येक कपाटावर पाटी लावली होती."

काटेकोरांच्या मनातलंच बोलले ते. रिकामा रकाना त्यांना मुळात सोसायचाच नाही. बँकेच्या अर्जावर 'मधले नाव' नसेल तर तिथे आडवी रेघ मारणारा माणूस तो.

जेवताना त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती शाळेचं वेळापत्रक लावायची, त्यामुळे असल्या गोष्टींत तिचं डोकं चाले.

"अहो, पण तुम्ही दोन्हीकडे आहात ना?" ती म्हणाली. "एक गट हो म्हणतोय, दुसरा नाही म्हणतोय. मग कोणाचं चालणार?"

"अगं, वरच्या गटाचं. साधी गोष्ट आहे."

"वाचलंत का तसं कुठे?"

"वाचायचं काय त्यात! मोठ्याचं चालतं. घरात काय होतं?"

तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि आमटी पुढे सरकवली.

सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता काटेकोरांनी मार्गदर्शक मंडळाच्या सगळ्या रकान्यांत 'मनाई' भरलं. टूलने विचारलं, 'नक्की?' त्यांनी चष्मा पुसला, सगळे रकाने पुन्हा एकदा मोजले आणि 'नक्की'वर टिचकी मारली.

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग पुन्हा उघडला तेव्हा त्यावरची परवानग्यांची खिडकीच नाहीशी झाली होती. नवीन टेस्ट लिहायचं बटण गेलं. खुणा बदलायचं बटण गेलं. चाळीस हिरव्या खुणा तेवढ्या जागच्या जागी, टवटवीत.

"सर," टेस्टिंगमधली एक मुलगी खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाली, "मला काहीच करता येत नाहीये."

"मलापण नाही," दुसरा म्हणाला.

मग काटेकोरांनी टूलची माहितीपुस्तिका उघडली. दोनशे पानांच्या त्या पुस्तिकेत सत्तेचाळिसाव्या पानावर एक ओळ होती. माणूस कितीही गटांत असो, त्यातल्या एका जरी गटाला मनाई असेल, तर मनाईचंच चालेल. काटेकोरांनी ती ओळ तीनदा वाचली. व्याकरण निर्दोष होतं.

थोडक्यात, अख्ख्या ऑफिसाला आता फक्त बघता येत होतं. मार्गदर्शन करायला हरकत नव्हती.

त्यांनी टूल बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक गोड आवाज आला.

"तुमची अडचण समजली सर. अशी विनंती फक्त व्यवस्थापकच करू शकतात."

"मीच व्यवस्थापक आहे!"

"आमच्याकडे तुम्हाला मनाई दिसतेय सर."

"ती मीच लावलीय."

"मग तुम्हीच काढा ना सर."

"मला मनाई आहे म्हणून काढता येत नाही!"

"बरोबर सर. म्हणूनच आम्ही सांगतोय, व्यवस्थापकांना विनंती करायला सांगा."

भिंतीवर डोकं आपटलं तरी भिंत इतक्या नम्रपणे परत पाठवत नाही. काटेकोरांचा आवाज चढला. त्यांनी ग्राहकाचे हक्क काढले, चौदा वर्षांची नोकरी काढली, बुधवारची तपासणी काढली. शेवटी पलीकडच्या बाईला दया आली असावी. ती म्हणाली, "सर, तुमच्याकडे आणखी एक व्यवस्थापक आहेत. त्यांना मनाई नाही. पूर्ण नाव सांगता येणार नाही. पहिलं अक्षर सांगते, आणि शेवटचं. मध्ये सात फुल्या आहेत."

अक्षरं ऐकली आणि काटेकोर खुर्चीत हळूहळू खाली सरकले.

वहीताई!

वहीताई दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली होत्या. ऑफिसात हे टूल त्यांनीच बसवलं होतं, म्हणून त्यांचं खातंही व्यवस्थापकाचं. दिसेल ते वहीत टिपून ठेवायच्या, म्हणून ते नाव पडलं. एका सकाळी त्यांनी शांतपणे राजीनामा ठेवला आणि निघून गेल्या. कोणी गेलं, की त्याचं खातं बंद करायचं काम काटेकोरांचं. त्या महिन्याच्या कागदावर 'खातं बंद केलं' असं लिहून त्यांनी खाली सहीही केली होती. खातं मात्र बंद करायचं राहून गेलं. परवा यादी केली तीही हजेरीवरून, त्यामुळे गेलेलं माणूस मंडळात आलंच नाही. अख्ख्या कंपनीत मार्गदर्शन न करणारी ती एकटीच उरली होती.

फोनवर वहीताई एवढंच म्हणाल्या, "उद्या दिवसभर माझे क्लास आहेत, सर. दहाला चौकातल्या पेट्रोलपंपापाशी या. लॅपटॉप आणा."

दुसऱ्या दिवशी काटेकोर पंपापाशी उभे राहिले. दहा वाजून दोन मिनिटांनी समोर एक छोटी पिवळी गाडी गचके खात येऊन थांबली. छपरावर 'शिकाऊ' अशी पाटी. चक्राशी सत्तरीच्या एक आजी, दोन्ही हातांनी चक्र गच्च धरून. शेजारच्या सीटवर वहीताई, मांडीवर वही.

"मागे बसा सर," वहीताई म्हणाल्या. "आजींची परीक्षा आठवड्यावर आलीय, तास बुडवता येणार नाही. जाता जाता बघू."

काटेकोर मागे बसले. गाडी निघाली, म्हणजे आधी थोडी मागे गेली आणि मग पुढे.

"हे कोण?" आजींनी आरशात बघत विचारलं.

"माझे जुने साहेब. पुढे बघा आजी. सिग्नल."

लॅपटॉप सांभाळत, वळणावळणावर दाराला आदळत काटेकोरांनी सगळी हकिगत सांगितली. प्रेक्षक, मार्गदर्शक, मानपान, मनाई. वहीताई ऐकत होत्या. मधूनच त्यांचा पाय खाली दाबला जाई आणि गाडी जागच्या जागी थांबे, कारण त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता.

"त्यांच्या पायाशीही ब्रेक आणि तुमच्याही?" काटेकोरांनी विचारलं.

"हो. दोघांपैकी कोणीही दाबला तरी गाडी थांबते. आजींनी कितीही अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी." त्या मागे वळल्या. "तुम्ही तेच केलंत, सर. सगळ्या ऑफिसाच्या पायाखाली ब्रेक बसवला आणि स्वतःच त्यावर उभे राहिलात."

हे काटेकोरांना जितकं झोंबलं तितकंच कळलंही. सत्तेचाळिसाव्या पानावर हे असं का नव्हतं लिहिलं?

"पण मग रकाना रिकामा सोडायचा?"

"रिकामाच सोडायचा. रिकामा म्हणजे नाही असं नव्हे. रिकामा म्हणजे या गटाचं काही म्हणणं नाही. दुसऱ्या गटाने दिलेलं चालतं." त्यांनी हात मागे केला. "द्या इकडे. आजी, त्या झाडाखाली लावा गाडी. सावकाश."

आजींनी गाडी झाडाखाली लावली, म्हणजे अर्धी. वहीताईंनी आपला पासवर्ड टाकला. दोन वर्षांनी पहिल्या फटक्यात दार उघडलं. ज्या माणसाने ते बंद केल्याची सही केली होती, तो मागच्या सीटवर बाहेर बघत बसला.

त्यांनी खातं उघडल्यावर पडद्यावर सर्वात आधी त्यांचं एक जुनं टिपण आलं. दोन पानी. मथळा होता, 'गटांनुसार परवानग्या कशा लावाव्यात'. काटेकोर पुढे वाकले. त्यावर लाल शेरे होते, त्यांचेच. अकरा ऱ्हस्व-दीर्घ, तीन ठिकाणी स्वल्पविराम, आणि शेवटी 'पुन्हा लिहून आणावे'. दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक वाक्य होतं, 'रकाना रिकामा ठेवावा. मनाई टाळावी.' त्यातल्या 'रिकामा'ची वेलांटी त्यांनी ऱ्हस्व करून दिली होती.

"हे... हे तुम्ही तेव्हाच लिहिलं होतं?"

"हो."

"मी वाचलं होतं?"

"तपासलं होतंत," वहीताई म्हणाल्या. "वाचलं नव्हतंत. मी तीनदा लिहून आणलं. चौथ्यांदा राजीनामा लिहिला. त्यात तुम्ही काही चूक काढली नाहीत."

बाहेरून एक सायकलवाला अर्ध्या रस्त्यात लावलेल्या गाडीला शिव्या घालत गेला. काटेकोरांनी आयुष्यात दुसऱ्यांच्या हजारो चुका नोंदवल्या होत्या. स्वतःची कशी नोंदवतात, त्याचा सराव नव्हता.

"ताई," ते म्हणाले, "चुकलं माझं. तेव्हाही, आणि... म्हणजे सगळंच."

वहीताईंची बोटं चालत राहिली.

"अगं, माफ कर त्यांना," आजी म्हणाल्या. "चेहरा बघ कसा झालाय. आणि मला तो यू-टर्न शिकायचाय, बारा वाजत आले."

वहीताई हसल्या. चार मिनिटांत त्यांनी मंडळाच्या सगळ्या मनाया काढल्या आणि लॅपटॉप मागे दिला. परवानग्यांची खिडकी जागेवर आली होती. काटेकोरांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू हरवलेलं माणूस स्टेशनवर सापडलंय.

"आता माझं खातं बंद करा," त्या म्हणाल्या. "इथेच, माझ्यासमोर. सही नको, खरंच करा."

त्यांनी केलं. मग आजींनी यू-टर्न घेतला, त्याबद्दल न बोललेलं बरं.

दुपारी काटेकोरांनी चाळीस टेस्ट पुन्हा करून घेतल्या. एकोणतीस लाल निघाल्या. रिपोर्टवरच्या नावाच्या त्या दोन्ही टेस्टही त्यात होत्या. विक्रीप्रमुख आपला लॅपटॉप घेऊन आले आणि म्हणाले, "उद्या तपासणी, आणि एवढं लाल?" त्यांनी सवयीने बटणाकडे बोट नेलं, पण बटण नव्हतंच. त्यांनी काटेकोरांकडे बघितलं. काटेकोर या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर चहा प्यायले.

बुधवारी तपासणी अधिकारी आले. बारीक अंगाचे, हातात जाड फाइल, चेहरा असा की हसले तर नोंद करावी लागेल. लाल खुणा बघून ते काहीच म्हणाले नाहीत. उलट त्या नावाच्या दोन चुका कशा पकडल्या ते बारकाईने विचारून घेतलं. साहेबांच्या जिवात जीव आला. मग अधिकाऱ्यांनी बदलांची नोंदवही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मंगळवारी पावणेबाराला परवानग्या या बाईंनी बदलल्यात. या कोण?"

साहेबांनी काटेकोरांकडे बघून डोळे मोठे केले. 'सल्लागार म्हणा' असा त्याचा अर्थ होता.

"त्या दोन वर्षांपूर्वी इथून गेल्या," काटेकोर म्हणाले. "खातं बंद करायचं काम माझं होतं. मी नुसती सही केली. सोमवारी मी चुकीची मनाई लावून सगळ्यांना बाहेर काढलं, स्वतःलाही. त्यांनी आत घेतलं. यातलं त्यांना सगळं कळतं, मला आता थोडं कळतं."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. अधिकारी लिहीत राहिले. पान भरलं, त्यांनी ते उलटलं आणि पुन्हा लिहीत राहिले. "गंभीर शेरा," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवणं. महिन्याभरात लेखी खुलासा द्या. बाकी ठीक आहे."

साहेब त्यांच्यासाठी चहा सांगायला बाहेर गेले. अधिकाऱ्यांनी फाइल बंद केली, पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, आणि दाराकडे एक नजर टाकून खुर्ची जवळ ओढली.

"त्या बाईंचा नंबर मिळेल?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. "आमच्या हॉस्पिटलात तीन आठवडे झाले, कोणालाच काही बदलता येत नाहीये."

काटेकोरांनी कागदावर नंबर लिहिला. आकडे सरळ आहेत ना हे तपासलं नाही, तसाच दिला.

"फोन करा," ते म्हणाले. "पण दहाला पंपापाशी उभं राहावं लागेल. आणि मागच्या सीटचा पट्टा आधीच लावून घ्या."